बटाट्यांचा बेल्ट

आमच्या ठाकुर्लीच्या सोसायटीतले सोनावणे काका स्वतःच्या गाडीशी भांडतात. मनातल्या मनात नाही, काचा खाली करून, भर रस्त्यात!

दर रविवारी ते कल्याणला भाजीला जाताना मलाही नेतात. पण येताना मी मागे. पुढे, काकांच्या बाजूला, बटाट्यांची पिशवी. तिच्या वजनाने गाडीला वाटतं माणूस बसलाय, आणि लगेच 'टिंग टिंग, बेल्ट लावा' सुरू.

"वाज, वाज! किती वाजतेस तेच बघतो! रिटायर होईपर्यंत साहेबाचं ऐकलं नाही, तुझं ऐकू?"

"काका, पिशवी डिकीत टाका ना. डोकं उठलं माझं."

"तुझं डोकं तू सांभाळ. पिशवी पुढेच बसणार!"

एकदा मी पिशवीलाच बेल्ट लावायला हात पुढे केलेला, तर असे वसकन ओरडले की माझी कोथिंबीर खाली सांडली. काकू गेल्यापासून फारच हेकट झालेत, असं सगळी सोसायटी म्हणते. मीही म्हणायचे.

गेल्या महिन्यात गाडी सर्व्हिसिंग होऊन आली. रविवारी पिशवी पुढे बसली, गाडी निघाली, आणि आवाजच नाही. मी हुश्श केलं. काकांनी मात्र गाडी बाजूला घेतली, पिशवी उचलून सीटवर आपटली. पुन्हा आपटली. गाडी गप्प.

"चल ठाण्याला," म्हणाले. भाजीसकट!

सर्व्हिस सेंटरमधला मेकॅनिक खुशीत. "काका, आता एआय टाकलंय. माणूस कोण, पिशवी कोण, कॅमेऱ्यातून ओळखतं. उगाच कटकट नाही. लोक खूश आहेत!"

"लोकांचं मला सांगू नकोस. जुनं परत टाक."

"नाही होत, काका."

"मग मॅनेजरला बोलव. मी इथून हलत नाही!"

तासभर भांडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी मीच त्यांना हाताला धरून बाहेर काढलं.

वाटेत मी चिडून विचारलं, "अहो, कटकट गेली तर भांडता कसले?"

"तुझ्या काकूने कधी बेल्ट लावला नाही. साडी चुरगळते म्हणायची. ही गाडी वाजत राहायची, मी ओरडायचो, आणि ती हसायची." त्यांनी पिशवी सरळ केली. "बाजूला कोणीतरी बसलंय, असं हिला तरी वाटत होतं. आता हिलाही कळलं."

मी त्यांना गाडी थांबवायला लावली, पिशवी मागे ठेवली आणि पुढे जाऊन बसले. बेल्ट न लावता.

टिंग टिंग, टिंग टिंग.

"बेल्ट लाव," काका समोर बघत म्हणाले.

"नाही लावत. ड्रेस चुरगळतो."

काकांनी डोळे पुसले, स्टिअरिंगवर थाप मारली आणि ओरडले, "वाज! किती वाजतेस तेच बघतो!"