कुंकू लावलेलं बटण

दसऱ्याला हत्यारांची पूजा करायची, हे आमच्या घरात आजोबांपासून चालत आलंय. त्यांनी मिलमधला पाना पुजला, वडिलांनीही तोच पुजला. मी पडलो क्लार्क. स्टेपलर तरी किती वर्षं पुजायचा? म्हणून यंदा म्हटलं, लेकीचा लॅपटॉप पुजू या. (अशा कल्पना मला नेमक्या सुट्टीच्या दिवशीच सुचतात, असं आमची बायको नम्रता म्हणते.)

त्याच लॅपटॉपवर अकरा वाजता अक्षदाचा इंटरव्ह्यू होता. कंपनी सिंगापूरची, त्यांना कुठली दसऱ्याची सुट्टी! मराठी ग्राहकांच्या तक्रारी फोनवर सोडवायची नोकरी. आधी दोन ठिकाणी नकार आलेला. सहा महिने पोर घरात बसून होती, हल्ली धड जेवतही नव्हती. मलाच ते बघवत नव्हतं.

मीटिंग लावून ठेवून ती कपडे बदलायला गेली आणि मी संधी साधली. पाच बटणांना हळदकुंकू लावलं. तेही विचार करून हां, वरच्या ओळीतली, कोणी वापरत नसेल अशी. मग झेंडूचं फूल कुठे ठेवायचं? झाकण मिटलं आणि त्यावर ठेवलं.

पावणेअकराला तिने झाकण उघडलं. लॅपटॉप जागा झाला, पण वायफाय गायब.

"पप्पा, काय केलंत?"

"पूजा."

"आई गं!"

मी धावत जाऊन गॅलरीतला राऊटर बंद करून चालू केला. तो आमचा आणि शेजारच्या वसंताचा मिळून एकच. लगेच वसंता गरजला, "कोण आहे रे? मॅच चाललीय इथे!"

फोनचा हॉटस्पॉटही लॅपटॉपला दिसेना. मेलमध्ये तर स्पष्ट लिहिलेलं, लॅपटॉपवरूनच या. "रीस्टार्ट कर," मी म्हटलं. "तो उठायला वीस मिनिटं घेतो, पप्पा." अकराला चार मिनिटं होती. पोरीचा चेहरा पांढराफटक.

एवढ्यात ती थबकली. "या विमानाच्या बटणाला कुंकू तुम्ही लावलंत?"

"छोटंसं विमान आहे, म्हटलं आपल्याला कशाला लागतंय."

"लावताना दाबलंत ना? एअरप्लेन मोड चालू झालाय." तिने सेटिंग उघडून तो बंद केला.

"मी दाबलंच नाही!" (मी दाबलं होतं. जोरात.) "लॅपटॉप झोपेतून उठताना आपला आपणच बिघडला. राऊटर भंगार आहे. काढून फेकतो!"

"तुम्हाला राग आलाय, कळतंय मला. आधी फक्त वायफायच्या खुणेकडे बघा. आली?"

"आली. पण मी दाबलं नाही!"

"बरं, नाही दाबलंत. आता दोन मिनिटं काहीही दाबू नका. जमेल ना?"

"तू मला शिकवतेस?"

"नाही हो, मदत करतेय."

तेवढ्यात सेटिंगच्या मागून बाईचा आवाज आला. "वा!"

आम्ही दोघं गार. वायफाय आल्याबरोबर मागे दडलेली मीटिंग आपोआप जोडली गेली होती, आणि तिकडच्या, इंटरव्ह्यू घेणाऱ्या नाडकर्णी मॅडम सगळं ऐकत बसल्या होत्या. संपलं, म्हटलं. आता पोरीला तोंड कसं दाखवू?

"अक्षदा, तक्रार करणाऱ्याशी कसं बोलाल, हाच माझा मुख्य प्रश्न होता," मॅडम म्हणाल्या. "तो तर झालाच. सोमवारपासून ट्रेनिंगला या."

अक्षदा हुंदका देत हसली. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला हो!

"पण एवढा हट्टी कस्टमर आणलात कुठून?" मॅडमनी विचारलं. "कोण आहेत ते?"

"माझे पप्पा आहेत, मॅडम."

"काय सुंदर ॲक्टिंग करतात!"

ही ॲक्टिंग नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं. स्वयंपाकघरातून आलेल्या नम्रताने त्यात अख्खी पुरी कोंबली आणि लॅपटॉपपुढे वाकून म्हणाली, "करणारच, मॅडम. पंचवीस वर्षं रोजची तालीम आहे त्यांची."