नूरमावशींचे कलेक्टर

"कलेक्टरनं शी केलीया! कुणाची हाय, उठा!"

गरोदरपणात बीपी वाढलं म्हणून मी साताऱ्याच्या दवाखान्यात दाखल झाले, त्या सकाळी कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य. मी दचकले. साहेबांचं असं काही झालंच असेल, तर ते वॉर्डात ओरडून कशाला सांगायचं? इतक्यात पलीकडच्या खाटेवरची बाळंतीण हसत उठली आणि तिनं लेकीचं दुपटं बदललं.

ओरडणाऱ्या होत्या नूरमावशी, बाळंतिणींच्या वॉर्डातल्या आया. मूळच्या पाटणच्या. अंगानं किरकोळ, आवाज मात्र एसटी स्टँडवरच्या भोंग्यासारखा. बारशापर्यंत बाळाला नाव नसतं, कागदावर नुसतं 'बेबी ऑफ अमुक' लिहितात, हे मावशींना अजिबात खपत नसे. "ही काय वळख व्हय? आईचंच नाव, त्येबी इंग्रजीत!" म्हणून बाळ जन्मल्याबरोबर त्या त्याला सरकारी हुद्द्यावर नेमून टाकत. नेमणुकीत उघड पक्षपात होता. मुलगा झाला तर तलाठी, फारच गोंडस असला तर तहसीलदार. मुलगी मात्र थेट कलेक्टर.

नात झाली म्हणून एक आजी तोंड फुगवून बसल्या होत्या. मावशींनी त्यांना खाडकन सलाम ठोकला. "आवं, कलेक्टरच्या आजी तुमी! पेढं कुटं हायती?" आजी बिचाऱ्या गडबडून पेढे आणायला गेल्या. त्याच दुपारी शेजारच्या खाटेवरही मुलगी आली.

"एका जिल्ह्यात दोन कलेक्टर कशा चालतील, मावशी?" मी विचारलं.

"ही साताऱ्याची, ती सांगलीची. येवडं कळतंय मला!"

इतक्या हसवणाऱ्या बाईसमोर दोनच दिवसांनी मी ढसाढसा रडले. माझी लेक दिवस भरायच्या आधीच आली. इवलीशी. मला धड दाखवलीही नाही, लगेच काचेच्या पेटीत नेली. ती जगेल ना, याचं सरळ उत्तर कुणीच देईना. सासूबाई म्हणाल्या, "आत्ता नावबिव काय ठेवू नगंस. घरी आल्यावर बघू." त्याही घाबरल्या होत्या, पण मला त्यांचा भयंकर राग आला.

मावशी कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहिल्या. "हिला काय कलेक्टर करायची न्हाई."

मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"कमिशनर! आगं, ती पेटी न्हाई, एसी केबिन हाय. मोठ्या सायबाला भेटायची येळ ठरल्याली असती. तवर मॅडमचा डबा तयार कर."

डबा म्हणजे माझं दूध. ते वाटीत काढायचं. चार थेंब निघाले तरी मावशी वाटी दोन्ही हातांत धरून "सरका, कमिशनरचा डबा हाय!" असं ओरडत निघत. वाटेतले डॉक्टरसुद्धा भिंतीला चिकटून उभे राहत.

एकदा मी वैतागले. "मावशी, उगाच हाका नका मारू तिला. काही झालं तर?"

त्या खाटेच्या कडेला टेकल्या. त्यांना हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"माजी लेकबी अशीच बारकी हुती. आमच्यात सातव्या दिशी नाव ठेवत्यात. आदल्या दिशीच गेली. रडताना काय म्हनून हाक मारू, त्येच कळंना. तू हिला हाक मार, पोरी."

मी पेटीपाशी गेले. आत बोट घालून हळूच म्हटलं, "कमिशनर." तिनं बोट घट्ट धरलं आणि मला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

कमिशनर मॅडम पुढे गुटगुटीत होऊन शिरवळला घरी आल्या. माझ्या नवऱ्याला बहीण नाही, म्हणून बारशाला आत्याचा मान मावशींना दिला. त्यांनी बाळाच्या कानात नाव सांगितलं मात्र, आणि रीतीप्रमाणे बायकांनी त्यांच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. सगळ्यांत जोरात सासूबाईंनी.

"आगं, सरकारी नोकर हाय मी!" मावशी पाळण्याला धरून ओरडत होत्या आणि खदाखदा हसत होत्या.

बायका पांगल्यावर त्यांना घुगऱ्या बांधून देताना मी विचारलं, "मावशी, तुमच्या लेकीला काय केलं असतंत? कमिशनरच ना?"

त्यांनी बाळाची कुंची सारखी केली.

"तिला कुटलीच नोकरी लावली नसती," त्या म्हणाल्या. "घरातच ठिवली असती. माज्यापाशी."