फिकट दिसलं की गिरवायचं

बालवर्गाच्या बाईंना त्या तपासणीतून मिळायचं होतं ते थोडंथोडकं नव्हतं. चार वर्षं त्या 'तात्पुरत्या' होत्या. शेरा चांगला पडला तर कायम. वाईट पडला तर जूनमध्ये वर्ग दुसऱ्या कुणाचा आणि बाई घरी, सासूबाईंच्या "मी म्हटलंच होतं" या वाक्यासमोर.

पणाला एवढं लागलेलं असताना बाईंनी फक्त पेन्सिल झिजवली. बावीस मुलांच्या बावीस वह्यांत त्यांनी फिकट अक्षरं काढून ठेवली. मुलांनी त्यावरून जांभळ्या पक्क्या पेनने हात फिरवायचा. नियम दोनच. फिकट दिसलं की गिरवायचं, आणि पुरं झाल्याशिवाय उठायचं नाही. हे नियम सर्वांत मनावर घेतले ते खारूताईने. समोरचे दोन दात मोठे म्हणून हे नाव, वय साडेपाच. चांगलं गिरवलं की बाई पानाखाली चांदणी काढत, आणि खारूताईची वही म्हणजे आभाळच झालं होतं.

तपासणीला साहेब आले. मोठी खुर्ची वर्गात नव्हती, म्हणून मुलांच्या बुटक्या टेबलाशी गुडघे छातीला लावून बसले. बाजूला मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, हात बांधून उभ्या. साहेबांनी वह्या चाळल्या.

"वा! अक्षर आहे की छापखाना?"

बाईंच्या जिवात जीव आला, पण तो तिथे फार वेळ टिकला नाही. साहेबांनी खारूताईच्या वहीचं कोरं पान उघडलं. "बाळ, इथे 'क' काढून दाखव."

खारूताईने पेन उचललं, कागदाच्या बोटभर वर धरलं आणि थांबली. मांजर बिळापाशी बसतं तशी.

"काढ ना."

"अजून आलं नाही," खारूताई म्हणाली.

"काय आलं नाही?"

"अक्षर. आधी ते येतं, मग मी काढते."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. मोठ्या बाईंनी बाईंकडे असं पाहिलं की खिडकीसुद्धा लाजावी.

साहेबांची एक पद्धत होती. शेरा आधी पेन्सिलीने लिहायचा, मनातला, खराखुरा. मग चहा घ्यायचा. चहापाण्यात बोलणी होत, मन मऊ पडे, आणि परत येऊन ते खोडून शाईने दुसरंच लिहीत. सगळ्या शाळांना हे ठाऊक होतं. म्हणून साहेबांनी शेरेबुकात पेन्सिल टेकवली तेव्हा मोठ्या बाई घाबरल्या नाहीत. "साहेब, चहा निवतोय," एवढंच म्हणाल्या. मुलं खेळायला अंगणात गेली. मोजली कुणी नाहीत.

चहा दोनदा झाला. बाईंनी डोळे पुसले, मोठ्या बाईंनी शाळेची पंचवीस वर्षं सांगितली, आणि साहेब विरघळले. "बरं बरं. 'समाधानकारक' लिहून टाकतो. गरिबाचं नुकसान कशाला?"

तिघं वर्गात आले आणि दारातच खिळले.

शेरेबुकासमोर खारूताई बसली होती. जीभ बाहेर, मान वाकडी. साहेबांचं अक्षर टपोरं, त्यामुळे तिला काहीच अडचण आली नव्हती. पान जांभळं झालं होतं:

'मुलांना लिहिता येत नाही. शिक्षिकेने फसवणूक केली आहे. कायम करू नये.'

खाली तारीखही गिरवली होती. त्याखाली, बाई जवळ नसल्यामुळे, तिने स्वतःच स्वतःला चांदणी दिली होती.

"झालं!" ती म्हणाली. "एकदाही घसरलं नाही."

साहेबांनी रबर घेऊन इतकं घासलं की पेन्सिल गेली, टेबल हललं, जांभळं जागच्या जागी.

"पान फाडू या," मोठ्या बाई कुजबुजल्या.

"पानांना छापील आकडे आहेत हो! चौकशी लागेल माझी."

"मग शाईने काट मारा."

"काट मारली की वरून विचारणार: कशाने लिहिलं, कुणी लिहिलं, साहेब तेव्हा कुठे होते? चहा पीत होते, असं लिहू?" साहेबांच्या कपाळावर घाम आला. आयुष्यभर दुसऱ्यांना फोडलेला घाम आज घरी परतला होता.

कपबशा न्यायला आलेल्या शिपाई मावशींनी पानात डोकावलं. "अगंबाई! हे पोरीनं लिहिलं?"

"हो ना, मावशी!" बाई रडकुंडीला आल्या.

"मग लिहिता येत नाही कसं? येत नाही हे तिनंच लिहिलंय की सुवाच्य!"

साहेबांनी मावशींकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं, मग हळूच खिशातून शाईचं पेन काढलं आणि जांभळ्या ओळींखाली लिहिलं: 'वरील मजकूर बालवर्गातील विद्यार्थिनीने माझ्यासमक्ष श्रुतलेखन म्हणून लिहिला. लेखन उत्कृष्ट. शिक्षिकेस कायम करावे.' सही केली आणि मागे न बघता गेले.

बाई कायम झाल्या. सासूबाईंचं वाक्य वाया गेलं. साहेबांनी पेन्सिल सोडली ती सोडलीच. पुढच्या आठ शाळांनी चहा पाजला, पण शेरा शाईचा तो शाईचाच राहिला.

पंधरा दिवसांनी वरच्या कार्यालयातून पत्र आलं. साडेपाच वर्षांचं मूल ऐकून तीन ओळी लिहितं, हे वाचून तिथे सगळे थक्क झाले होते. महिनाभरात तीस शाळांच्या शिक्षिका हे श्रुतलेखन पाहायला येणार होत्या. विद्यार्थिनी तीच असावी.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं, पेन्सिल कपाटात कुलूपबंद केली आणि खारूताईपुढे कोरं पान ठेवलं. सगळ्यांचं निभावलं होतं ते या पोरीच्या हातावर, आणि वसुली निघाली ती तिच्याच नावावर. मधली सुट्टी झाली, अंगणात एकवीस जणांचा गलका सुरू झाला. खारूताई पेन वर धरून बसली होती.

"बाई," ती दमून म्हणाली, "आज ते येणारच नाहीये का?"