पत्र्याचा सोनबा

हटवार काकाजींकडे गेलात की आधी सोनबाला रामराम करायचा, मग काकाजींना. क्रम चुकला की सोनबा रुसतो. भुवया खाली, मान भिंतीकडे. त्याची समजूत काढेपर्यंत चहाचं नाव नाही.

सोनबा म्हणजे काकाजींनी घरी बनवलेला यंत्रमानव. डोकं तेलाच्या डब्याचं, भुवया गाडीच्या वायपरच्या, आणि लाजला की गालांवर स्कूटरचे इंडिकेटर. काकाजी वरठीच्या कारखान्यात विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करून निवृत्त झाले, आणि आमच्या गल्लीची झोप उडाली.

"मशीन हुशार असून काय कामाची? तोंडावर दिसलं पायजे, बाप्पा!" हे त्यांचं पालुपद. सांगणाऱ्याचं स्वतःचं तोंड मात्र विजेच्या डीपीच्या झाकणासारखं. आत आनंद असो की आग, झाकण बंद.

सोनबाला भाव शिकवायला त्यांनी झाडीपट्टीच्या नाटकातला एक जुना नट गाठला. मंडपातल्या शेवटच्या माणसाला रडवायची त्याला सवय. त्यामुळे सोनबा नुसता हसला तरी दूधवाला सायकल टाकून पळतो. टाळ्या पडल्या की तोच प्रवेश पुन्हा करायचा, हेही नटानेच शिकवलं. वन्स मोअर!

शेजारच्या म्हातारीच्या तेरवीला काकाजी सोनबाला सांत्वनासाठी घेऊन गेले. कूलरच्या पंपाने त्याने असे अश्रू सोडले की म्हातारीच्या सख्ख्या लेकांनाच लाज वाटावी. तेवढ्यात भजन सुरू झालं, टाळ्या सुरू झाल्या. झालं! प्रत्येक टाळीला सोनबाचा नवा हंबरडा. वरणात पाणी, भजनाच्या महाराजांच्या धोतरावर पाणी. शेवटी मीच वायर उपटली.

परतताना मी चिडून विचारलं, "काकाजी, काहून करता हा तमाशा?"

"सुमीच्या लग्नात मी रडलो नाही ना गा," ते म्हणाले. "बिदाईच्या वक्ती सारे रडून राहिले होते, अन् मी जनरेटर पाहत होतो. पोरीले वाटलं, बापाले काईच वाटलं नाही. तवापासून एक रात्र मुक्कामी आली नाही. मले रडता येत नाही. मंग म्हटलं, रडणारा बनवतो."

मी वायर गुंडाळून सोनबाच्या खांद्यावर टाकली.

मे महिन्यात सुमी आसगावहून आली. उंबऱ्यातच म्हणाली, "पाचच्या गाडीनं जाईन, बाबा." काकाजींनी बटण दाबलं. सोनबा धो धो रडला. सुमी पोट धरून हसली, तमाशा बघायला आलेला मीही हसलो. मग ती डोळे पुसत पिशवी उचलायला वाकली.

काकाजी तसेच ठोकळ्यासारखे उभे.

"तुह्या खोलीतला पंखा," ते म्हणाले, "दर उन्हाळ्यात खोलतो, ग्रीस भरतो. तू येशील म्हणून. आवाज नाही करत. झोपून पाह्य."

सुमीचं हसू थांबलं. ती पिशवी घेऊन आत गेली. पंखा सुरू झाला. खरंच आवाज नव्हता.

पाचची गाडी गेली तेव्हा ती गाढ झोपली होती, आणि काकाजी दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हातानेच गप्प करत होते.