आंबटरावांचा कण

एका जंगलात, मुलांनो, झाडं होती, प्राणी होते, सगळं नेहमीचंच होतं. ते आपण सोडून देऊ. आपली गोष्ट झाडांच्या शेंड्यांच्या जरा वर, हवेत घडते. तिथे वाफांची वस्ती होती. डोळ्यांना दिसत नाही म्हणून ती नव्हतीच असं समजू नका. मागच्या बाकावर तुम्ही काय करता, ते तरी बाईंना कुठे दिसतं?

या वस्तीत आंबटराव नावाचे गृहस्थ राहत. मूळचे डोंगरापलीकडच्या भट्टीकडचे. धुरातून वर आले, उन्हात तापले आणि आम्लाची वाफ झाले. स्वभावही तसाच. त्यांना एकच ध्यास होता. दहा-वीस वाफा गोळा करायच्या आणि एक कण स्थापन करायचा.

कण झाला की तो वाढतो. पुरेसा वाढला की पाण्याची वाफ त्याच्यावर येऊन बसते, आणि असे पुष्कळ कण जमले की ढग होतो. कण झालाच नाही, तर संध्याकाळी वारा पडतो आणि एकटी राहिलेली वाफ खालच्या एखाद्या पानाला चिकटून संपते. आंबटरावांचे वडील असेच सागाच्या पानावर गेले. पानावर त्यांचा डाग अजून होता. आंबटराव तो रोज वरून बघत आणि रोज घाबरत.

म्हणून ते रोज सकाळी सभा बोलवत. "या, या, बसून घ्या." दोघे येत. तिसरा येईपर्यंत पहिल्याला काम आठवे. "मी आलोच," म्हणून जो उठे, तो काही परत येत नसे. वाफांची जातच तशी. जरा ऊन लागलं की उडाल्या. नेमाने येत त्या फक्त सुगंधाबाई. त्यांचं माहेर रानतुळशीचं, त्यामुळे त्या आल्या की आधी वास येई, मग बाई.

एके दिवशी आभाळातून एक किरण आला. फार लांबून, ताऱ्यांकडून, भरधाव. वाटेत त्याने धनाप्पाला धडक दिली. धनाप्पा म्हणजे हवेतला एक साधा रेणू, लग्नाचं वय उलटत आलेला. त्याच्या अंगावरचा एक इलेक्ट्रॉन खाली पडला, आणि किरण सॉरीसुद्धा न म्हणता निघून गेला. पडलेला इलेक्ट्रॉन पलीकडच्या आळीतल्या रुंजीने, म्हणजे तशाच एका रेणूने, उचलून स्वतःकडे ठेवला. शाळेच्या पुस्तकात अशा दोघांना आयन म्हणतात. वस्तीत धनाप्पाला नुसतं "बिचारा" म्हणत.

त्या दिवसापासून धनाप्पाला करमेना. जो दिसेल त्याचा हात धरायचा.

"काका, बसा ना. एवढ्यात कुठे निघालात?"

त्याच्या हाताला अशी ओढ होती की उठलेला माणूस पुन्हा बसायचा. आंबटराव सहज टेकले, ते टेकलेच. सुगंधाबाई आल्या. त्यांच्या जावा आल्या. आंबटरावांचे चुलतभाऊ घरच्या कार्यालाही पंगतीपुरतेच थांबत, पण तेही बसले. ऊन लागलं, तरी कोणी उडालं नाही. मधोमध धनाप्पा आणि भोवती ही सगळी मंडळी.

"अहो, आपला कण होतोय," सुगंधाबाई हळूच म्हणाल्या.

आंबटरावांना भरून आलं. त्यांनी सागाच्या पानाकडे पाहिलं. आज पहिल्यांदाच त्यांना भीती वाटली नाही.

दुपारी पाण्याच्या वाफांकडून एक पाहुणे पाहणीला आले. ही मोठी माणसं. कण नावारूपाला आल्याशिवाय ती बसत नाहीत. पाहुण्यांनी चारी बाजूंनी बघितलं. "छान आहे. अजून थोडा वाढू द्या, मग आम्ही सगळे येतो," ते म्हणाले. जाता जाता त्यांनी विचारलं, "मधे बसलेत, ते अध्यक्ष का?"

झालं! मुलांनो, भट्टीतसुद्धा आंबटराव एवढे तापले नव्हते.

"सभा बोलावली मी, आणि मधे हा!"

"तो आहे म्हणून तर आपण बसलोय," सुगंधाबाई म्हणाल्या. "थोडं थांबा. एकदा का आपण जाडजूड झालो, की तो असला काय नि नसला काय. पण आज नको."

"मी कुठे त्याला हाकलतोय? मी त्याचं भलंच करतोय."

वस्तीत एक रीत होती. कोणी फार अस्वस्थ दिसलं की त्याचं लग्न लावून द्यायचं. आंबटरावांनी स्वतः मध्यस्थी केली. रुंजीकडे एक इलेक्ट्रॉन जास्त, धनाप्पाकडे एक कमी. पत्रिका बघायचं कारणच नव्हतं. दोघं एकमेकांकडे असे धावले की अंतरपाट धरायलाही कोणाला सवड मिळाली नाही. धनाप्पा शांत झाला. इतका शांत, की त्याने सगळ्यांचे हात सोडले आणि बायकोबरोबर घरी गेला.

आंबटराव ऐटीत मधल्या जागेवर बसले.

"हं, तर सभेला सुरुवात करू."

"मी आलोच," एक चुलतभाऊ म्हणाला. दुसरा तेवढंही म्हणाला नाही. सुगंधाबाईंच्या जावांना गॅसवरचं दूध आठवलं. आंबटराव एकेकाचा हात धरत होते आणि एकेक हात सुटत होता. सुगंधाबाई शेवटपर्यंत थांबल्या. पण दोघांचा कण होत नाही. "सांभाळून राहा हो," म्हणत त्याही उडाल्या.

संध्याकाळी वारा पडला. आंबटराव खाली खाली येऊ लागले. धनाप्पा आणि रुंजी फिरायला निघाले होते.

"काका, झाला का कण?" धनाप्पाने मायेने विचारलं.

"हात दे रे, बाबा," आंबटराव म्हणाले.

धनाप्पाने लगेच दिला. माणूस चांगलाच होता. पण त्याला आता काही कमी नव्हतं, त्यामुळे हाताला ओढही नव्हती. हात अलगद सुटला.

आंबटराव सागाच्या पानावर टेकले, वडिलांच्या डागाशेजारी. पानावर दुसरं कोणीच नव्हतं. जागा मात्र अगदी मधोमध मिळाली.

तात्पर्य : सभा मोडली तरी चालेल, पण अध्यक्षांनी मधेच बसावं. आणि ज्याच्यामुळे चारजण एकत्र टिकतात, त्याचं भलं करण्यात एक दिवसही उशीर करू नये.