किसनबापूंची पाच मिनिटं

किसनबापूंच्या ओट्यावर पहिली पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, असा दंडक होता. पाहुणा असो की पोस्टमन, आधी खुर्चीत बसायचं, पाय जमिनीला टेकवायचे आणि गप्प राहायचं. मग बापू पेटी उघडून त्याचं ब्लडप्रेशर बघत आणि त्यानंतरच "हं, बोला" म्हणत. एकदा एक जण धावत आला, तो बापूंच्याच मळ्यात म्हैस शिरल्याचं सांगायला. त्यालाही बसवलं. त्यानं तोंड उघडलं की बापू ओठावर बोट ठेवत. शेवटी "एकशेचाळीस-नव्वद. पळून आल्यानं चढलंय, फिकीर न्हाई. आता बोला," असं झालं, तोवर म्हशीनं मक्याच्या दोन सऱ्या उरकल्या होत्या.

बापू सरकारी दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर होते. रिटायर होऊन काष्टीला आले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना स्वतःचं जुनं पाऱ्याचं मशीन भेट दिलं. मी शेजारी भाड्यानं राहत होतो आणि शाळेत शास्त्र शिकवत होतो. शास्त्राच्या मास्तरला ब्लडप्रेशर बघता येत नाही, याची लाज माझ्यापेक्षा बापूंनाच जास्त वाटली, आणि त्यांनी मला शिकवायला घेतलं. दंडाला पट्टा बांधायचा, कानात घातलेली नळी कोपराच्या खळीत टेकवायची, फुगा दाबून पारा वर न्यायचा आणि सावकाश खाली सोडायचा. पहिला ठोका ऐकू आला तो वरचा आकडा, ठोके थांबले तो खालचा.

"वरचा म्हंजी काळीज जोर लावतं तवाचा," ते सांगत. "खालचा म्हंजी ते इसावा घेतं तवाचा. इसाव्यात बी ज्याचा दाब उतरत न्हाई, तो मानूस सांभाळायचा."

चहा पिऊन आलेल्याला ते अर्धा तास ताटकळत ठेवत. बिडी ओढलेला तर नुसत्या वासावर पकडला जाई. बाजारच्या दिवशी ओट्यावर ही रांग लागे. "मनात काळजी घिऊन बसायचं न्हाई, आकडा खोटा येतो," असा दम ते सगळ्यांना देत. लोक हसत, पण बसत.

घरात दोघंच. मूलबाळ नव्हतं. सगुणाकाकींचं प्रेशर बापू रोज सकाळी बघत, आणि ते रोज एकशेसत्तरच्या वर निघे. तालुक्याच्या डॉक्टरांनी पाहिलं तेव्हाही बापू शेजारी उभे होते आणि आकडा तोच आला. नोकरीत असताना बापूंनी प्रेशर चढून लकवा झालेली माणसं बैलगाडीतून उतरवून घेतली होती. त्यांनी मिठाची बरणी माळ्यावर टाकली आणि काकींबरोबर स्वतःही दोन वर्षं अळणी जेवले. अळणी मेथी चवीला फार छान लागते, असं मला सांगत. खरं तर त्यांचे गाल बसले होते. पुढच्या महिन्यात काकींना नगरच्या मोठ्या दवाखान्यात ठेवायचं ठरलं होतं.

एक दिवस त्याचीच चौकशी करायला बापू नगरला गेले. मी पेपर मागायला गेलो, तर काकी म्हणाल्या, "गुरुजी, तुमी बघा बरं जरा." मी पाच मिनिटं बसवून पाहिलं. एकशेअठ्ठावीस-ऐंशी. दुसऱ्या हाताचंही तेच. काकींना काही नवल वाटलं नाही.

"ते पट्टा बांधत्यात न्हवं, तवा मी त्यांच्या त्वांडाकडं बघते," त्या म्हणाल्या. "मी आत्ताच चालले असं बघत्यात माझ्याकडं. मंग माझं काळीज बी धडधडतंय. सांगू कसं? लई जीव लावत्यात."

संध्याकाळी मी बापूंना सगळं सांगितलं. ते माझ्यावर भडकतील असं वाटलं होतं. ते उठले. आत गेले, काकींना पट्टा बांधला, पारा वर नेला. एकशेबहात्तर. त्यांनी पट्टा सोडला, हातानं गुंडाळला आणि पेटीसकट माझ्या हातात दिला. "गुरुजी, मशीन बिघडलेलं न्हाई. मीच काळजी घिऊन बसतो तिच्याम्होरं," म्हणाले. मला फार वाईट वाटलं त्यांचं.

तेव्हापासून दर आठवड्याला मीच जाऊ लागलो. नगरचा बेत रद्द झाला. पहिल्या खेपेला बापू आपणहून उठले आणि ओट्याच्या टोकाला दाराकडे पाठ करून बसले. येणाऱ्या-जाणाऱ्याशी एक शब्द नाही. आत मी फुगा दाबला, ठोके ऐकायला कान लावला. काकी दाराकडेच बघत होत्या. मी बोट ओठावर ठेवलं, तरी त्या हळूच म्हणाल्याच,

"लवकर सोडा गुरुजी. ते भाईर एकटेच बसल्यात."