घरचा भुंगा

रविवारी सकाळी साडेसातला सासूबाईंच्या गुलाबात एक हिरवा भुंगा बसलेला आढळला. गुलाब प्रदर्शनाचे परीक्षक नऊला येणार होते.

भुंगा सुनेच्या प्रबंधाचा विषय होता. समोरच्या डोंगरावरच्या म्हाताऱ्या झाडांच्या ढोलीत, कुजक्या लाकडाच्या भुशात तो वाढतो; दुसरीकडे कुठे मिळत नाही. रस्त्यासाठी तिथलं एक झाड पाडलं, तेव्हा सुनेने ढोलीतला भुसा अळ्यांसकट बादलीत भरून गॅलरीत ठेवला. ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी मुद्दाम लावली नाही. मागच्या वेळी ती चिठ्ठी वाचूनच सासूबाईंनी डबा उघडला होता.

चिठ्ठी नाही म्हणून सासूबाईंनी भुसा खत समजून कुंडीत घातला आणि अळ्या वेचून कावळ्यांना दिल्या. सून दौऱ्यावरून परतली तेव्हा कुंडीच्या कडेला एकच कोष उरला होता. कुंडी हलली तर तो फुटेल, असं तिने सांगितलं. गुलाब प्रदर्शनाला न्यायचाय, असं सासूबाईंनी सांगितलं. दोघींनीही हे सासूबाईंच्या मुलाला सांगितलं, कारण एकमेकींशी बोलणं बंद होतं.

तोड सासूबाईंनीच काढली. आजारी सभासदाचं फूल परीक्षकाने घरी जाऊन पाहावं, असा गुलाब मंडळाचा नियम होता. त्या आजारी पडल्या. पहिल्या बक्षिसाची ढाल दरवर्षी शेजारीण नेत होती आणि यंदा फूल बशीएवढं आलं होतं. अळ्यांच्या लेंड्यांमुळे, असं सुनेचं मत पडलं. हातगुणामुळे, असं अंथरुणातून उत्तर आलं.

आता तो कोष फुटला होता आणि भुंगा पाकळी कुरतडत होता. सून अबोला विसरून कॅमेरा घेऊन धावली.

“आई, खाऊ द्या त्याला. हा काय खातो ते आजवर कुणी पाहिलेलं नाही.”

“त्याला माझंच फूल सापडलं?”

“बाकीचे तुम्ही कावळ्यांना घातलेत.”

सासूबाई पुन्हा आजारी पडल्या.

परीक्षकांनी चष्मा पुसून फूल पाहिलं. फूल अव्वल आहे, पण कीड लागलेलं फूल बाद होतं, असं ते म्हणाले. झटकून टाका, मग बघू. आणि त्यांनी स्वतःच पेन पुढे केलं.

सासूबाई तरातरा गॅलरीत आल्या.

“पेन मागे घ्या. कीड नाही ती, घरचा आहे तो. जेवतोय.”

परीक्षकांनी निकाल राखून ठेवला आहे. सासूबाईंच्या आजाराचीही चौकशी होणार असल्याचं समजतं. शेवटची बातमी हाती आली तेव्हा भुंगा तिसऱ्या पाकळीवर होता.